‘मा’ म्हणजे कोण कोण?

“अरूस आली त्या दुपारी आम्ही गच्चीवर होतो,” असं नासेरने वाचलं आणि चहाचा ट्रे घेऊन मी दारातच थबकले. अरूस म्हणजे मी. अरूस म्हणजे नवरी, सूनही आणि भावजयही. इस्फहानात एकदा घरात आलेली बाई दात पडले तरी अरूसच राहते. तेव्हा अरूस मीच, त्याबद्दल शंका नको. अडचण पुढच्या शब्दापाशी होती. आम्ही कोण? त्या दुपारी गच्चीवर नासेरचा थोरला भाऊ हबीब होता आणि बहीण मलेकताज होती, दोघं कठड्यावरून वाकून खाली बघत होती. नासेर कुठे होता? नासेर खाली गल्लीत, टॅक्सीत, माझ्या शेजारी घाम पुसत बसला होता. मी त्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्यावर माझ्या बांगड्यांचे वळ उठले होते. आणि आता, सगळं आयुष्य सरत आल्यावर, आपल्याच दिवाणखान्यात, चार माणसांसमोर हा गृहस्थ खुशाल जिना चढून त्यांच्यात जाऊन उभा राहिला होता आणि वरून मला बघत होता. मी ट्रे टेबलावर ठेवला. साखरेच्या चकत्यांची बशी जरा आपटलीच. कुणाचं लक्ष नव्हतं. नासेर वाचत होता आणि वाचताना त्याला भूकंप झाला तरी कळत नाही.

दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे ही मंडळी जमतात. एकाने गोष्ट वाचायची, बाकीच्यांनी ती फाडायची, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम. नासेर शाळेत भूगोल शिकवायचा, निवृत्त झाल्यावर गोष्टींनाच लागला, आणि त्याची प्रत्येक गोष्ट ‘मा’ची. मा म्हणजे आम्ही. आम्ही पाहिलं, आम्हाला कळलं नाही, आम्ही दार लावून घेतलं. एकदा मी विचारलं होतं, तुला ‘मी’ म्हणायला लाज वाटते का रे? तर म्हणाला, “‘मी’ म्हटलं की माणूस सापडतो. ‘आम्ही’ म्हटलं की पकडायला येणाऱ्याला सगळी गल्ली पकडावी लागते.” त्यावर सगळे हसले होते, मीसुद्धा. त्या गुरुवारी मात्र मी स्वयंपाकघरात गेले आणि किटलीशी उगाच खुडबुड करत तिथेच थांबले. पुढचं काही मी ऐकलं नाही. ऐकायचंच नव्हतं. फक्त शेवटी फिरूज आगांचा आवाज आला, ते कापडगिरणीत देखरेखीवर होते, त्यांना खालच्या पट्टीत बोलता येत नाही: “नासेर आगा, गच्ची तुमची पक्की आहे. पण तिच्यावरची माणसं मध्येच बदलली. कधी बदलली? मला जिन्यात पावलं ऐकू आली नाहीत!” मी मनात म्हटलं, शाब्बास फिरूज आगा. बरं झालं कुणीतरी बोललं. नासेर नियमाप्रमाणे गप्प होता.

आता ही गोष्ट एवढी लागायचं कारण काय, तर त्याच आठवड्यात पुण्याहून मुकुंदाचा फोन आला होता. मुकुंदा माझा धाकटा भाऊ, एका दिवाळी अंकाचं काम बघतो. म्हणाला, “ताई, नासेररावांची एखादी गोष्ट मराठीत करून दे. इराणचं काहीतरी खास.” मग इकडचं तिकडचं झालं, आणि फोन ठेवता ठेवता त्याने घसा खाकरला. मुकुंदा घसा खाकरतो तेव्हा वडिलांसारखा दिसत असणार. “ताई, राग मानू नकोस. पण नासेररावांची ती मागची छातीची भानगड झाली तेव्हापासून हिच्या आणि माझ्या मनात आहे. ते आहेत तोवर ठीक. ते गेल्यावर तू तिथे कोण? मूल ना बाळ. ते लोक त्यांचे त्यांचे. इकडे खोली आहे तुझ्यासाठी.” मी म्हटलं, “मुकुंदा, पुण्यात कुणी आपणहून खोली देतो म्हटलं की मला धास्तीच वाटते.” हसण्यावारी नेलं. पण शब्द कानात शिरला तो शिरलाच. तू तिथे कोण? कणीक मळताना, पायऱ्या चढताना, कूलरची घरघर ऐकत दुपारी पडल्यावर, मध्येच मुकुंदा घसा खाकरायचा. आणि वर हे: आम्ही गच्चीवर होतो. म्हणजे मुकुंदाला उत्तर मिळालंच की. ते सगळे वर आणि मी खाली, हातात पत्र्याची पेटी घेऊन.

तशी त्या दिवसाची मला कधीच लाज वाटली नव्हती, उलट तो आमच्या घरातला विनोद आहे. नासेर पुण्याला शिकायला आला आणि माझ्या मावशीच्या माडीवर भाड्याने राहिला. मराठी शिकला तो मावशी, मी आणि धुणंवाली यांच्याकडून, म्हणजे सगळं बायकांचं मराठी. कॉलेजातून आला की जिन्यातून ओरडायचा, “मी आले हं मावशी! मी दमले!” माझे काका पोट धरून हसायचे. मावशी शिकवायची, “अहो आलो म्हणा, आलो. तुम्ही पुरुष ना?” तर हा गोंधळून बघायचा. फारसीत बाई आली काय आणि बुवा आला काय, क्रियापदाला त्याचं सोयरसुतक नसतं. “येण्यात कसला पुरुष आणि कसली बाई?” तो म्हणायचा. “पायांनीच तर येतात दोघं.” त्या ‘मी आले’ वरच मी भाळले, दुसरं काय. घरात रामायण झालं, ते सोडा. तर मी इथे पोचले ती पिवळी साडी नेसून, वाटेतल्या धुळीने माखलेली, आणि उन्हाने माझं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलेलं. गच्चीवरून मलेकताजने ते पाहिलं आणि किंचाळली, “हबीब, पोरीचं डोकं फुटलंय!” आणि दोघं धडाधड जिना उतरून आली. हबीबच्या हातात पाण्याचा तांब्या, हिच्या हातात कापूस आणि आयोडीन. ओवाळणं नाही, धूप नाही. पहिली गोष्ट या घराने मला काय दिली तर कपाळाला आयोडीन. इतकं झोंबलं की मी मराठीत ओरडले आणि नासेर गल्लीत उभा राहून मराठीत म्हणाला, “मी मेले!”

मलेकताजला मी पहिल्या दिवसापासून वन्सं म्हणते. तिला वाटतं ते कुठल्यातरी हिंदी राजकन्येचं नाव आहे, आणि मी तो गैरसमज कधी दूर केला नाही. ती मला अरूस म्हणते. कागदावर माझं नाव बहार आहे, वासंतीचं भाषांतर, पण ते फक्त बँकेला माहीत. जुनं घर पाडून तिथे इमारत झाली तेव्हा तळमजला वन्संला मिळाला, दुसरा आम्हाला, मधला हबीबच्या वाट्याचा, पण तो तोवर गेला होता म्हणून भाड्याने दिला. रोज सकाळी मी खाली जाते, आम्ही दोघी मिळून भाजी निवडतो. शुक्रवारी सकाळी चटईवर पुदिना आणि मेथीचा ढीग पडला होता आणि मी न राहवून विचारलं, “वन्सं, मी आले त्या दिवशी नासेर गच्चीवर होता?”

“नासेर?” ती फुरफुरली. “तो तुझ्या पदराला धरून होता. अजून आहे.”

“मग गोष्टीत त्याने स्वतःला वर का घातलंय?”

“घालू दे बिचाऱ्याला. लहानपणी आम्ही त्याला गच्चीच्या कडेला उभं राहू द्यायचो नाही, पडेल म्हणून. म्हातारपणी चढला कागदावर तर तुझं काय जातं?” तिने माझ्या हातातली जुडी ओढून घेतली. “आणि देठं एवढी टाकू नकोस. आम्ही देठं टाकत नाही.”

आम्ही देठं टाकत नाही. आम्ही चहात साखर ढवळत नाही, दातात धरतो. आम्ही असे, आम्ही तसे. मला वाटलं, घ्या! पुण्याची पोरगी इस्फहानात खपून गेली असं मीच सगळ्यांना सांगत फिरते. दोन्ही गावं सारखी म्हणते. इथेही पाहुण्याला विचारतात, जेवूनच आला असाल ना? इथेही जीभ सुरीसारखी आणि हात आखडता. इथल्यासारखा वाक्याच्या शेपटीला हेल देऊन मी भाजीवाल्याशी भांडते तेव्हा तो मला कुठल्या मोहल्ल्यातली म्हणून विचारतो. ते भांडण मला हबीबने शिकवलं. हबीब बस चालवायचा, शिव्यांचा खजिना होता त्याच्याकडे, आणि एकेक शिवी तो मला पाढ्यासारखी घोकून घ्यायचा. “ही मेव्हण्याला द्यायची, ही सरकारला, ही कुणालाच द्यायची नाही, फक्त माहीत पाहिजे.” तो गेला तेव्हा मी कुणापेक्षा कमी रडले नाही. पण रडण्याने काही माणूस ‘आम्ही’त जात नाही, असं तेव्हा भाजी निवडताना वाटलं आणि पुदिन्याचा वास एकदम परका झाला. वन्संला कळू नये म्हणून मी देठं मोडत राहिले.

भाषांतराला बसले ती अशी नाक फुगवून. पहिल्याच वाक्याला पेन्सिल थांबली. मराठीत ‘मा’ दोन आहेत. आम्ही आणि आपण. आपण म्हटलं की समोरचा आत येतो, आम्ही म्हटलं की तो दाराबाहेर. फारसीला हे माहीतच नाही. एकच दार, आत कोण बाहेर कोण ते तुमचं तुम्ही बघा. कोपऱ्यात नासेर पाय सोडून शहाळ्याला भोक पाडावं तसा पेनाचं टोपण कोरत बसला होता. मी त्याला विचारलं, “हे जे तुझे ‘मा’ आहेत ना, त्यात ऐकणारा आहे की नाही? मला एक काहीतरी निवडायला लागणार.”

त्याने सगळं समजून घेतलं. मग म्हणाला, “दोन-दोन? हे तुमच्या पुण्यात भांडणाच्या सोयीसाठीच केलेलं दिसतंय.”

“उत्तर दे.”

“लेखकाने बोलायचं नसतं.”

“गुरुवार नाहीये आज.”

“तू पुढे कर, वासंती. शेवटपर्यंत कर. मग मला वाचून दाखव. तुझं मराठी ऐकलं की मला मावशीच्या माडीवरचा ओल्या कपड्यांचा वास येतो.” असं बोलून हा माणूस मला गप्प करतो, जन्मभर करत आलाय. मी ठणकावून ‘आम्ही’ लिहिलं. घ्या. तुम्ही वर, मी खाली, होऊ दे एकदाचं.

पण गोष्ट छान होती, मेल्याची. ते कबूल करायला हवं. सुरुवातीचे ते गच्चीवरचे ‘आम्ही’ नवरीकडे वरून बघतात, तिच्या पेटीला हसतात, तिच्या हाताचा भात खाऊन एकमेकांना चिमटे काढतात. मग दृष्टी हळूच जिन्यात येते, मग अंगणात, मग चुलीपाशी. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या पडतात, चादरी थंड लागतात, पहाटे आम्ही चिमण्यांच्या आधी उठतो. हबीब हिवाळ्यात जातो. घर पाडायला माणसं येतात आणि आम्ही डाळिंबाचं झाड कुणी तोडायचं यावरून भांडतो. नदीचं पात्र कोरडं पडतं आणि आम्ही पुलावर जायचं सोडून देतो. मी ओळीमागून ओळ मराठीत घालत होते आणि मध्येच रागाने फणफणत होते, कारण याने माझ्या गोष्टी सरळ उचलल्या होत्या. ‘आम्ही चहाचा चोथा गुलाबाच्या कुंडीत टाकतो’: टाकतो? कोण टाकतं? मी टाकते! ती माझ्या मावशीची सवय. इथे कुणी चोथा कुंडीत टाकत नव्हतं, वन्सं तर पहिल्यांदा बघून म्हणाली होती, झाडाला चहा पाजतेस तर बिस्किटही दे. ‘आम्ही कलिंगडाच्या पांढऱ्या सालीची भाजी करतो’: ही तर कोकणातली, माझ्या आजीची! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माझं घ्यायचं आणि त्यांच्या नावावर घालायचं. वर आणि मला ‘ती’ म्हणायचं. पण नंतर नंतर ‘ती’ही कुठे दिसेना, नवरी जणू गोष्टीतून निघूनच गेली होती, आणि मी म्हटलं, छान, विसरलाही मला.

शेवटच्या पानावर वन्संही जाते. तो सगळा भाग मी एका दमात केला, कारण खाली ती खरीखुरी भांडी आपटत होती आणि मला बरं वाटत होतं. आणि मग एकदम, इतकी पानं ‘मा, मा’ केल्यावर, ‘मन’ येतं. मन म्हणजे मी. एकटाच उरलेला माणूस संध्याकाळी गच्चीवर सतरंजी नेऊन अंथरतो. इमारतीतली कुठलीतरी नवी भाडेकरीण जिन्यातून हाक मारते, वर कोण आहे? आणि तो उत्तर देतो. हे मी केलं आणि डोळे भरून आले. नासेरला असं वाटतं तर. भाऊ नाही, बहीण नाही, आणि हा एकटा गच्चीवर. राग निम्मा तिथेच वितळला. आणि उरलेला निम्मा म्हणाला, आणि मी? मी कुठे असणार तेव्हा? मुकुंदाच्या खोलीत?

ऊन उतरल्यावर नासेर कूलरचं पाणी बघायला गच्चीवर गेला. त्याने जिने चढू नयेत, पण ऐकतो कोण. मी कागद घेऊन मागोमाग गेले. गच्ची आता सगळी कूलरच्या पत्र्याच्या पेट्यांनी भरली आहे. दोन पेट्यांच्या मध्ये आम्ही उलट्या बादल्यांवर बसलो. “वाच,” तो म्हणाला आणि डोळे मिटले. मी वाचलं. हबीबपाशी त्याच्या पापण्या हलल्या. चोथ्यापाशी तो हसला. ‘चोर आहेस,’ मी मध्येच म्हटलं, तर हाताने खूण केली, पुढे. मी शेवटापाशी आले. “‘जिन्यातून कुणीतरी विचारलं, वर कोण आहे? मी म्हणालो, आम्ही.’” आणि कागद खाली ठेवला.

“लो नाही,” नासेर डोळे न उघडता म्हणाला. “ले.”

मला हसूच आलं. हसता हसता त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. “अरे देवा, अजून? मावशी वरून बघत असेल. अहो, आलो म्हणा, आलो! पुरुष ‘म्हणालो’ म्हणतो नासेर. जन्म गेला तुझा, आणि—”

“तेवढं शिकलो मी,” तो मराठीत म्हणाला. आता डोळे उघडे होते. “मी शिकलो. हबीब गेला. मलेकताज गेली. नासेर गेला.” प्रत्येक क्रियापद त्याने जपून, फुटेल अशा बेताने खाली ठेवलं. “मग गच्चीवर कोण? म्हणा-ले.”

कूलर घरघरत होते. मी कागद उचलला. अक्षरं दिसेनात, पण बघायची गरजच नव्हती. चोथा. कलिंगडाची साल. शेवटच्या पानावर सतरंजी अंथरण्याआधी ती उलटी झटकणं, ते या गावात कोण करतं? मीच. नवरी गोष्टीतून निघून गेली नव्हती. कुठल्यातरी ओळीत, कुठल्या ते त्यालाही सांगता यायचं नाही, ती जिना चढून वर आली होती, आणि तिथून पुढे ‘आम्ही’ म्हणून जे काही बघत होतं ते तिच्याच डोळ्यांनी. फिरूज आगांना पावलं ऐकू आली नाहीत. मला तर माझीच आली नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय म्हणायचं.

“मेल्या,” मी म्हटलं. “सगळ्यांना मारून टाकलंस. स्वतःला पण. आणि मला एकटीला इथे बसवलंस.”

“एकटी कुठे?” तो म्हणाला. आता फारसीत. “गोष्टीच्या शेवटी काय म्हणाली ती?”

मी कागद मांडीवर ठेवला. त्याचं मनगट हातात घेतलं. कातडी सैल झाली आहे आता, वळबिळ उठायचे दिवस गेले. मला ‘आपण’ हवं होतं, इतके दिवस त्या एका मऊ शब्दासाठी मी फुगून बसले होते, आणि याने मला ‘आम्ही’ देऊन ठेवलं होतं, तो दार लावून घेणारा शब्द, आणि कडी आतून माझ्या हातात. मुकुंदाला काय सांगायचं ते मला कळलं. गोष्टच पाठवायची, तो वाचेल. मी खिशातली पेन्सिल काढून ‘लो’ खोडला आणि ‘ले’ लिहिलं. मात्रा जरा तिरकी गेली.

तेवढ्यात खालून, जिन्यातून, वन्संचा आवाज आला. तिने कलिंगड कापलं होतं आणि दोन्ही मजल्यांची दारं वाजवून झाली होती. “वर कोण आहे?” ती ओरडली.

मी नासेरकडे बघितलं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि भुवया उडवल्या. लेखकाने बोलायचं नसतं.

“आम्ही!” मी ओरडले.

“मग इतका वेळ बोलायला काय झालं होतं?” वन्सं म्हणाली.